पोलिसांनी ताब्यात घेतले तर : पहिल्या चोवीस तासांत काय मागायचे, काय लिहून घ्यायचे

जयंतीच्या चार दिवस आधी, रात्री साडेनऊला फोन आला. वस्तीतल्या दोन पोरांना "साहेबांनी बोलावलंय, सही घेऊन लगेच सोडतो" म्हणून पोलीस घेऊन गेले होते. आम्ही ठाण्यात पोचलो तर अंमलदार म्हणाले, "अटक केलेली नाही, चौकशीला बसवलंय." दुसऱ्या दिवशी दुपार उलटली तरी दोघे त्याच बाकावर होते. नोटीस नाही, अटकेची नोंद नाही, घरी निरोप नाही. संध्याकाळी "जा आता" म्हणून सोडले. त्यांतला एक बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. संविधानाची उद्देशिका त्याला तोंडपाठ होती. पण "मला कोणत्या कलमाखाली बसवलंय?" हा प्रश्न त्याला सुचला नाही. खरे सांगायचे तर, त्या रात्री आम्हालाही तो नीट विचारता आला नाही.

त्यानंतर आम्ही वस्त्यांमध्ये या विषयावर बैठका घ्यायला लागलो. त्या बैठकांत वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र मांडत आहोत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आहे. खाली जिथे नुसते 'कलम' म्हटले आहे तिथे ते या नव्या संहितेचे समजावे.

हा हक्क आला कुठून?

संविधान सभेत व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'ड्यू प्रोसेस' हे शब्द गेले आणि 'कायद्याने घालून दिलेली पद्धत' एवढेच उरले. कायदा करणाऱ्यांनी उद्या वाटेल ती पद्धत घालून दिली तर काय, ही शंका उरली होती. बाबासाहेबही त्या अनुच्छेदावर समाधानी नव्हते. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५-अ हा नवा अनुच्छेद मांडला. आधी जे हातचे गेले त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे या गोष्टी त्या वेळच्या फौजदारी कायद्यात होत्याच. पण साधा कायदा बदलता येतो. मूलभूत हक्कात गेलेली गोष्ट संसदेला किंवा विधिमंडळाला सहज काढून टाकता येत नाही. तोच आजचा अनुच्छेद २२. त्याच्या जोडीला अनुच्छेद २०(३) आहे : कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

बोलावणे, नोटीस आणि अटक

पोलीस एखाद्याला ठाण्यात आणतात तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो कोण आहे, हे आधी ठरवून घ्या.

साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. पंधरा वर्षांखालील मुलगा, साठ वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते.

संशयित आहे, पण अटकेची गरज नाही, अशा वेळी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते. ती मिळाली की ठरल्या दिवशी हजर राहा आणि हजर राहिल्याची पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची झाली तर अधिकाऱ्याला लेखी कारण नोंदवावे लागते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अशी नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा.

तिसरी गोष्ट अटक. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात केवळ गुन्हा दाखल झाला म्हणून अटक करता येत नाही, ती का आवश्यक आहे हे पोलिसांनी नोंदवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हे ठणकावून सांगितले. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती साठीच्या पुढची किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

"नुसते चौकशीला बसवलंय" असा चौथा प्रकार तपासाच्या कायद्यात नाही. माणसाला उठून जाता येत नसेल तर ती अटकच आहे, मग कागदावर वेळ कोणतीही पडो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच हे सांगितले आहे. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच : "मी जाऊ शकतो का?" उत्तर "नाही" आले, की त्या क्षणाची वेळ लक्षात ठेवा. घड्याळ तिथून सुरू होते.

अटक होताना

हिसकाहिसकी करू नका, पळू नका. अंगाला नुसता हात लागला तरी सरकारी कामात अडथळ्याचे कलम लागू शकते, आणि ते अजामीनपात्र आहे. हक्क तोंडाने मागायचे. ते असे :

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा मेमो तिथेच तयार झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते आणि अटक झालेल्याची सही असते (कलम ३६). सही करण्याआधी तारीख आणि वेळ वाचा. वेळ चुकीची लिहिली असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा.

अटकेची कारणे लेखी मिळाली पाहिजेत, आणि तुम्हाला समजते त्या भाषेत. मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचे ते खंडपीठ होते. जागेवर लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, पण दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. तसे झाले नाही तर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा ठरतात. नुसता कलमांचा आकडा म्हणजे कारण नव्हे. तुम्ही नेमके काय केल्याचा आरोप आहे, ते त्यात असायला हवे.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामिनाचा हक्क आहे, हे पोलिसांनी स्वतःहून सांगायचे असते (कलम ४७). तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला, मित्राला किंवा अन्य व्यक्तीला अटक आणि ठिकाण कळवायचे असते (कलम ४८). म्हणून दोन फोन नंबर तरी पाठ असू द्या. मोबाइल पहिल्यांदा काढून घेतला जातो, मग त्यात साठवलेले नंबर काही उपयोगाचे नसतात.

झडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती मागा. मोबाइल जप्त झाला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक लिहिला आहे ना, ते पाहा. बेड्या सरसकट घालता येत नाहीत. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेली व्यक्ती आणि खून, बलात्कार, दहशतवाद अशा कायद्यात नमूद केलेल्या गंभीर गुन्ह्यांपुरतीच कलम ४३(३) मध्ये मुभा आहे.

ठाण्यात

चौकशी सुरू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे (कलम ३८). पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही. नाव, पत्ता, वय खरे सांगा. ज्या उत्तराने स्वतःवर गुन्हा ओढवेल ते उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

तपासात पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही घेता येत नाही. अटकेचा मेमो, पंचनामा, नोटिशीची पोच यांवर सही असते. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मात्र तुम्ही सांगितले आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग न्यायालयात वापरला जातो. "फक्त एवढं म्हण, सोडून देतो" यावर विश्वास ठेवू नका.

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, आणि त्या अहवालाची प्रत तुम्हाला किंवा तुम्ही सांगाल त्या व्यक्तीला मिळते (कलम ५३). कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी व्हावी, हे डी. के. बसू निकालात (१९९६) सांगितलेले आहे. डॉक्टरांसमोर पोलीस उभे असले तरी मार लागला असेल तर कुठे, कशाने, किती वाजता हे सांगा आणि लिहून घ्या म्हणा.

चोवीस तास आणि न्यायालयातली दोन मिनिटे

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचेच असते (अनुच्छेद २२(२), कलम ५८). रविवार, सण, सुट्टी ही सबब चालत नाही, सुट्टीच्या दिवशीही दंडाधिकारी असतात.

ही हजेरी पुष्कळदा दोन मिनिटांत उरकते. मुलगा मागे उभा असतो, पुढे पोलीस आणि सरकारी वकील बोलतात, कोठडी मिळते. पण साऱ्या प्रक्रियेत पोलिसांच्या ताब्यातला माणूस पोलिसांखेरीज दुसऱ्या अधिकाऱ्याशी बोलू शकतो ती ही पहिली जागा आहे. शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८३ च्या निकालाप्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी स्वतः विचारायचे असते : कोठडीत छळ, मारहाण झाली का? वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे, हेही त्यांनीच सांगायचे असते.

विचारले नाही तर हात वर करा आणि मोठ्याने सांगा : "साहेब, मला काही सांगायचं आहे." मग चार गोष्टी सांगा. मला खरोखर कधी पकडले. मारहाण झाली का. कारणे लेखी मिळाली का. मला वकील आहे की नाही. शर्ट वर करून वळ दाखवावे लागले तर दाखवा. "तक्रार नाही" असे एकदा नोंदले गेले, की नंतर ते पुसायला वर्षे जातात. बाहेर उभ्या पोलिसाने दम दिला असेल तर तेही तिथेच सांगा.

परभणीची आठवण इथे काढावीच लागते. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या आंदोलनात हिंसाचार झाला आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होते. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण नोंदले गेले. त्यांच्या आईने न्यायालयात दाद मागितली. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

सोमनाथ कायद्याचे विद्यार्थी होते. म्हणजे हक्क माहीत असणे एवढ्याने माणूस वाचत नाही. आतला माणूस एकटा असतो, थकलेला असतो, घाबरलेला असतो. हक्क त्याचा असला तरी तो चालवावा लागतो बाहेरच्यांना. म्हणून हे सारे एकट्या कार्यकर्त्याला माहीत असून भागत नाही. ते त्याच्या आईला, बहिणीला, मंडळाच्या पोरांना माहीत हवे.

वकील आणि जामीन

अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, अल्पवयीन आणि कोठडीतली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२). १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला तालुका समिती असते. हेल्पलाइन १५१००. हा वकील पहिल्या हजेरीपासून मिळतो, खटला उभा राहीपर्यंत थांबायचे नसते.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर ती व्यक्ती निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडायची असते (कलम ४७८). अजामीनपात्र गुन्ह्यात न्यायालय ठरवते. गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम मागणे म्हणजे जामीन नाकारणेच. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून तोही नाकारला, तेव्हा १९७८ च्या मोती राम निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. अशी अट पडली तर ती कमी करण्याचा अर्ज करता येतो.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. पण नव्या कलम १८७ प्रमाणे ती सलगच हवी असे नाही, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. म्हणून न्यायालयीन कोठडी झाली की सुटलो, असे धरू नका. साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क तयार होतो. मात्र तो अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा.

स्त्रिया आणि अल्पवयीन

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. झडती स्त्रीनेच घ्यायची, वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायची.

अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचे असते. मोर्च्यात, मिरवणुकीत अकरावी-बारावीची पोरे असतातच आणि पोलीस अंदाजाने "वय १९" लिहून टाकतात. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र घेऊन लगेच ठाण्यात जा. त्यांपैकी काहीच नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा जन्मदाखला चालतो.

जयंती, मोर्चा आणि 'चॅप्टर केस'

मोर्च्यातून उचलून संध्याकाळी सोडतात ती कारवाई बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८, ६९ खाली असते. गुन्हा टाळण्यासाठी म्हणून अटक केली तर कलम १७० लागते. त्यातही चोवीस तासांची मर्यादा आहे. सोडताना कोणत्या कलमाखाली नेले होते, ते विचारून लिहून ठेवा.

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की कार्यकर्त्यांना शांतता राखण्याच्या बंधपत्राची नोटीस येते. तिलाच आपण 'चॅप्टर केस' म्हणतो (कलम १२६). ती तहसीलदार किंवा आयुक्तालयाच्या शहरात सहायक पोलीस आयुक्त कार्यकारी दंडाधिकारी म्हणून चालवतात. तुमच्याविरुद्ध नेमकी कोणती माहिती आहे, ते आदेशात लेखी असावे लागते. आरोप मान्य नसेल तर तसे लेखी कळवा, चौकशी मागा, वकील द्या. "सगळेच करतात" म्हणून सही करू नका. अशा नोंदी साठत गेल्या की पुढे तडीपारीच्या प्रस्तावात त्याच मांडल्या जातात.

एमपीडीए, रासुका यांसारख्या स्थानबद्धतेच्या कायद्यांना चोवीस तासांचा नियम लागू नाही. तिथेही कारणे कळवणे आणि त्यावर निवेदन देऊ देणे अनुच्छेद २२(५) प्रमाणे बंधनकारक आहे. यूएपीएमध्ये दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. अशा प्रकरणात पहिल्याच दिवशी अनुभवी वकील गाठा.

ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की समोरून चोरीचा, विनयभंगाचा उलटा गुन्हा दाखल होतो, हे आपल्याला नवे नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर खोटी, द्वेषमूलक कारवाई करणे हा त्याच कायद्याच्या कलम ३(१)(प) खाली गुन्हा आहे. आपली फिर्याद आणि त्यांची फिर्याद यांच्या वेळा दोन्ही एफआयआरवरून जुळवून पाहा. मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

बाहेरच्यांनी काय करायचे

घोळका घेऊन ठाण्यावर जाऊ नका, त्यातून नवे गुन्हे निघतात. दोघे-तिघे जा, त्यांत एक स्त्री असावी. एकाने फक्त लिहायचे : किती वाजता नेले, कोणी पाहिले, ठाण्यात कोणता अधिकारी बोलला, काय म्हणाला.

अटक झालेल्यांची नावे ठाण्यात आणि जिल्हा नियंत्रण कक्षात लावायची असतात (कलम ३७), ती पाहा. "इथे नाही" असे उत्तर मिळाले तर पोलीस अधीक्षक आणि दंडाधिकारी यांना ईमेलने अर्ज पाठवा. त्यावर वेळ आपोआप पडते. एफआयआर संवेदनशील नसेल तर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवी, तिची प्रत काढा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या. परमवीर सिंग सैनी निकालाने (२०२०) प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बंधनकारक केले आहेत.

माणूस सापडतच नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका हा मार्ग आहे. मारहाणीची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे आणि मानवी हक्क आयोगाकडेही करता येते. आयोगाकडची तक्रार वर्षाच्या आत हवी.

या साऱ्यात पैसा फारसा लागत नाही, तयारी लागते. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा. दोन पोरांना पोलीस करा, एकाला दंडाधिकारी करा आणि "साहेब, मला काही सांगायचं आहे" हे वाक्य प्रत्येकाकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. आमच्या वस्तीत पहिल्या वेळी पोरे हसली. बी.ए.च्या त्या मुलाचा आवाज मात्र तिसऱ्या खेपेला फुटला. आता बैठक तोच घेतो.